कोरडे डोळे, लांबचा दवाखाना

मे महिन्यातल्या दुपारी चंद्रपुरात दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाचे फक्त डोळे दिसतात. डोकं, कान, नाक, तोंड दुपट्ट्यात घट्ट गुंडाळलेलं, हातांत कोपरापर्यंत मोजे, आणि एवढ्या बंदोबस्तात डोळे तेवढे उघडे. पारा ४६-४७ अंशांवर, नवतपात कधी ४८ ला टेकलेला. हवेत ओलावा नावापुरता. त्यात महाऔष्णिक वीज केंद्राची राख, घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळसा खाणींची धूळ, गडचांदूर-आवारपूरकडच्या कारखान्यांची सिमेंटची पूड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर चौथं आलं होतं.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेलं की बहुतेक कारखाने मागे पडतात, पण डोळ्यांचा जाच सुटत नाही. तिथे चुलीचा धूर असतो. मोहफुलं वेचता यावीत म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळतात, त्याचा धूर असतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे पहाटेपासून जंगलात आणि नंतर फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून देताना पुन्हा उन्हात. धानाच्या पट्ट्यात मळणीच्या दिवसांत कुसं डोळ्यांत जातात ती वेगळीच.

अशा माणसाला दवाखान्यात विचारलं तर तो सांगतो, ‘डोळ्यात कचकच होते, चुरचुरते, आणि सारखं पाणी येते.’ डॉक्टर तपासून म्हणतात, डोळे कोरडे पडलेत. ऐकणाऱ्याला हे पटत नाही. गालावर पाणी ओघळतंय आणि म्हणे कोरडे!

हा घोळ समजला की पुढचे उपचार समजायला सोपे जातात. डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ पडदा कायम पसरलेला असतो. बुबुळाला चिकटून श्लेष्मा, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा थर. पाणी वरच्या पापणीमागच्या अश्रुग्रंथीतून येतं. तेल येतं पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या बारीक ग्रंथींमधून. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. दर मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवते आणि हा पडदा नव्याने पसरतो. तेलाचा थर विरळ झाला की खालचं पाणी भराभर उडून जातं, बुबुळ उघडं पडतं, त्याला टोचतं, आणि मेंदू घाबरून अश्रुग्रंथीला हुकूम सोडतो. मग एकदम लोटभर पाणी येतं. त्यात तेल नसल्यामुळे ते टिकत नाही, गालावर वाहून जातं. डोळा पुन्हा कोरडा.

म्हणजे कोरडेपणा मुख्यतः दोन तऱ्हेचा: पाणीच कमी बनतं असा, आणि पाणी बनतं पण टिकत नाही असा. दुसरी तऱ्हा अधिक आढळते, आणि पुष्कळांत दोन्ही मिसळलेल्या असतात. कुठला उपचार करायचा हे या एका निदानावर अवलंबून आहे. ते निदान करायला महागडं यंत्र लागत नाही, ही या दोन जिल्ह्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची बाब आहे. ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये सांगितलेली चाचणी आजही तशीच करतात. टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, पाच मिनिटं थांबायचं, किती मिलिमीटर भिजली ते बघायचं. पाचच्या आत असेल तर पाणी फारच कमी आहे. दुसरी चाचणी रंगाची. फ्लोरेसिन हा पिवळा रंग डोळ्यात सोडून निळ्या प्रकाशात बघायचं आणि पापणी न लवता अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फुटतो ते मोजायचं. दहाच्या आत फुटला तर तो अस्थिर आहे. तिसरं काम बोटांचं: पापणीची कड हलकेच दाबून तेल कसं येतं ते पाहणं. निरोगी ग्रंथीतून ते नितळ येतं. बिघडलेल्या ग्रंथीतून पिवळट, घट्ट येतं, किंवा येतच नाही. स्लिट लॅम्प, म्हणजे डोळे तपासायचा सूक्ष्मदर्शक, आणि या तीन गोष्टी असल्या की ग्रामीण रुग्णालयातला नेत्रचिकित्सा अधिकारीसुद्धा रुग्णाला योग्य दिशेला लावू शकतो.

आता उपचार. थेंब, गरम शेक आणि पापण्यांची स्वच्छता यांनी बहुतेकांचं भागतं. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे साधे थेंब स्वस्तात मिळतात. ज्यांचं तेवढ्याने भागत नाही, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं ज्यांचे डोळे खुपत राहतात, त्यांच्यासाठी दवाखान्यात बसवून करायचे उपचार आहेत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यांत बरीच भर पडली आणि जाहिरातीही वाढल्या.

तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या असतील तर त्या मोकळ्या करणं हा पहिला उपचार. सुन्न करणारा थेंब टाकायचा, पापणी शेकायची आणि चपट्या चिमट्याने किंवा काचेच्या कांडीने दाबून साचलेलं तेल बाहेर काढायचं. थोडं दुखतं, पण काम होतं. हेच काम यंत्राने करण्याची सोय २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. लिपिफ्लो नावाचं ते यंत्र पापणीला आतून सुमारे ४२.५ अंशांची ऊब देतं आणि बाहेरून लयीत दाबतं. बारा मिनिटांत दोन्ही डोळे होतात. प्रत्येक रुग्णासाठी नवा, एकदाच वापरायचा भाग लागतो, आणि त्याचाच खर्च मोठा असतो. आजवरच्या अभ्यासांची एकत्रित छाननी झाली तेव्हा हे यंत्र इतर नेहमीच्या उपचारांपेक्षा फार सरस असल्याचं दिसलं नाही. शेक आणि हाताने दाबणं नीट केलं तर या भागातल्या पुष्कळ रुग्णांना यंत्राची उणीव भासू नये.

इथे चंद्रपूरकर एक रास्त प्रश्न विचारेल. ४२ अंशांची ऊब डोळ्यांना हवी असेल तर बाहेर ४६ अंश असताना डॉक्टरांकडे कशाला जायचं? कारण असं की बाहेरची झळ पापणीच्या आतल्या ग्रंथीपर्यंत सलग पोचत नाही. रक्ताभिसरण आणि घाम पापणीला थंड ठेवतात. झळेच्या कोरड्या वाऱ्याने अश्रू मात्र क्षणात उडतात. शेक ग्रंथीला मिळतो, झळ पाण्याला लागते. घरातल्या डेझर्ट कूलरचंही तसंच आहे. तो खोलीत ओलावा आणतो, त्यामुळे एसीपेक्षा डोळ्यांना बरा. पण त्याचा झोत थेट तोंडावर घेऊन रात्रभर झोपलं की सकाळी पापण्या चिकटलेल्या मिळतात. कूलर भिंतीकडे वळवणं हा बिनपैशाचा उपचार आहे आणि तो फार कमी लोकांना सांगितला जातो.

दुसरं गाजलेलं यंत्र प्रकाशाचं. इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे आयपीएल. त्वचेच्या दवाखान्यांत चेहऱ्यावरची लाली घालवायला ते वापरत. अमेरिकेत मेम्फिसचे रोलांडो टोयोस यांच्या लक्षात आलं की अशा रुग्णांच्या डोळ्यांची तक्रारही कमी होते. डोळे झाकून, गालावर जेल लावून, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत प्रकाशाचे झटके देतात. पापणीच्या कडेच्या सुजलेल्या बारीक रक्तवाहिन्या त्याने आकसतात, सूज उतरते, तेल सुटतं, असं मानतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने तीन-चार बैठका कराव्या लागतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोरड्या डोळ्यांसाठी अशा एका यंत्राला मान्यता दिली.

त्या मान्यतेत एक अट होती, आणि ती या भागात ठळक अक्षरांत सांगायला हवी. त्वचेच्या रंगाचे एक ते सहा प्रकार मानतात, एक म्हणजे सर्वांत गोरा. मान्यता पहिल्या चार प्रकारांपुरतीच होती. सावळ्या त्वचेतलं रंगद्रव्य हा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे भाजण्याचा, काळे किंवा पांढरे डाग पडण्याचा धोका वाढतो. उन्हाने रापलेल्या त्वचेला तर आणखी. तेंदूपत्ता तोडणारी बाई, खुल्या खाणीतला कामगार, धानाच्या बांधीत दिवसभर उभा राहणारा शेतकरी, यांतल्या पुष्कळांची त्वचा पाचव्या प्रकारात मोडू शकते. कुणी शहरात जाऊन पैसे मोजून हा उपचार घेणारच असेल तर त्याने डॉक्टरांना आधी विचारावं की माझी त्वचा कुठल्या प्रकारात बसते, आणि तीव्रता त्यानुसार कमी करणार का. हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचं कारण नाही.

पाणीच कमी बनत असेल तर उलटा विचार करावा लागतो: आहे ते पाणी जाऊ द्यायचं नाही. दोन्ही पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं एक भोक असतं. अश्रू त्यातून नाकात उतरतात, म्हणून रडताना नाक वाहतं. त्या भोकात बूच बसवायचं. मामा (माजी मालगुजारी) तलावाची मोरी बुजवली की आलेलं थोडं पाणीही पाळीपर्यंत साठतं, तसंच हे. सिलिकोनची बुचं १९७५ पासून वापरात आहेत. स्लिट लॅम्पपुढे बसवून, सुन्न करणारा थेंब टाकून, काही मिनिटांत बसतात. नको वाटली तर काढता येतात. काही बुचं आपोआप विरघळतात: कोलाजेनची काही दिवसांत, दुसऱ्या पदार्थांची दोन-तीन ते सहा महिन्यांत. आणि अगदीच कोरडा डोळा असेल तर ते भोक तापलेल्या तारेने डागून कायमचं बंद करतात.

यातही एक पथ्य आहे. पापणीला सूज असताना, कडेला चिपडं साचत असताना बूच बसवू नये. सूज वाढवणारी द्रव्यं त्या पाण्यात असतात आणि तीच डोळ्यात कोंडली जातात. आधी सूज उतरवायची, मग मोरी बुजवायची.

आतापर्यंत सांगितलेल्या कोरडेपणात पापणी मिटत होती. चंद्रपूर-गडचिरोलीला आणखी एका कोरडेपणाची जुनी ओळख आहे, आणि त्याची चर्चा चकचकीत माहितीपत्रकांत सापडत नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभं केलं ते कुष्ठरुग्णांसाठी. कुष्ठरोगाचा जंतू चेहऱ्याच्या मज्जातंतूवर बसला की पापणी मिटेनाशी होते. दुसऱ्या एका मज्जातंतूवर बसला की बुबुळाची संवेदना जाते. मग डोळा अर्धा उघडा राहतो, वाळतो, त्यात कचरा जातो आणि माणसाला ते जाणवतच नाही. जखम होते, पांढरा डाग पडतो, दृष्टी जाते. या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात.

इथला दवाखान्यातला उपचार म्हणजे थेट पापणीची शस्त्रक्रिया. मात्र पापणी नुकतीच, सहा महिन्यांच्या आत लुळी पडली असेल तर कुष्ठरोगाच्या गोळ्यांसोबत स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन मज्जातंतू वाचण्याची आशा असते, म्हणून वेळेवर ओळखणं मोलाचं. वेळ निघून गेली असेल तर दोन्ही पापण्यांच्या बाहेरच्या कडा एकमेकींना शिवून डोळ्याची फट लहान करतात. साधी, भूल देऊन छोट्या शस्त्रक्रियागृहात होणारी गोष्ट. त्याहून कौशल्याची शस्त्रक्रिया म्हणजे कानशिलावरच्या, घास चावताना हलणाऱ्या स्नायूची पट्टी पापण्यांपर्यंत आणून जोडणं. त्यानंतर रुग्ण दात आवळतो आणि डोळा मिटतो. सुरुवातीला आठवणीने आवळावं लागतं, सरावाने अंगवळणी पडतं.

जंगलात पापणी जाण्याचं आणखी एक कारण आहे: अस्वल. घाबरलेलं अस्वल माणसाच्या चेहऱ्यावर झडप घालतं. भामरागड तालुक्यात हेमलकसाला १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात अस्वलाने फाडलेले रुग्ण वर्षानुवर्षं येत राहिले. फाटलेली पापणी पहिल्या दिवशी नीट शिवली गेली की पुढे आयुष्यभराचा कोरडा डोळा टळतो. तोवर डोळ्यात मलम घालून तो ओला झाकून पुढे पाठवणं हे पहिल्या दवाखान्याचं काम.

मुलांच्या बाबतीत मात्र कोरडा डोळा म्हटलं की या सगळ्याच्या आधी जीवनसत्त्व अ आठवायला हवं. संध्याकाळी मूल अडखळू लागलं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका दिसला, तर तिथे थेंबांनी आणि बुचांनी काही होत नाही. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ मात्रा सरकारी लसीकरणासोबत मोफत मिळतात. कुपोषित मुलात त्या चुकू देऊ नयेत.

अगदी टोकाचे रुग्णही असतात. स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये एकोणीस स्त्रियांची हकीकत लिहिली: डोळे कोरडे, तोंड कोरडं, पुष्कळींचे सांधे दुखणारे. शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते, हा तो आजार. मध्यमवयीन बाईला भाकर पाण्याशिवाय गिळता येत नसेल आणि डोळे खुपत असतील तर याचा विचार व्हायला हवा. दुसरा टोकाचा आजार स्टीव्हन्स-जॉन्सन. सल्फा गटातल्या किंवा फिटच्या काही गोळ्यांची क्वचित कुणाला अशी भयंकर प्रतिक्रिया येते की अंगाची, तोंडाची, डोळ्यांची आतली त्वचा सोलून निघते. जीव वाचतो, पण डोळे वाळवंटासारखे होऊन बसतात. असा रुग्ण दवाखान्यात असताना पहिल्या आठवड्यातच डोळ्यांवर नाळेबरोबर येणाऱ्या गर्भवेष्टनाचं पातळ आच्छादन बसवलं तर पुष्कळ नुकसान टळतं. म्हणून अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी बोलवायला हवं. नातेवाइकांनीही ते आग्रहाने सांगावं.

या रुग्णांसाठी रुग्णाच्याच रक्तातला द्रव वेगळा काढून, साधारण वीस टक्क्यांपर्यंत पातळ करून, त्याचे थेंब बनवतात. १९८४ पासून ही पद्धत आहे. अश्रूंतले पोषक घटक त्यात असतात. पण त्याला टिकवणारं औषध घालत नाहीत, त्यामुळे चालू बाटली सतत फ्रिजमध्ये आणि बाकीच्या बर्फात गोठवून ठेवाव्या लागतात. शिवाय पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं. सिकलसेल आणि रक्तक्षय जिथे इतका आहे, तिथे हे आधी तपासूनच ठरवायचं. बुबुळाला न टेकता त्याच्यावर पाण्याचं टाकं धरून ठेवणारी मोठी स्क्लेरल लेन्स हा आणखी एक मोठा दिलासा आहे. ती हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत बसवून मिळते. ओठाच्या आतली त्वचा पापणीच्या कडेला लावण्याचं, अगदी ओठातल्या लाळग्रंथी डोळ्यात रोवण्याचंही काम तिथे झालं आहे. हैदराबाद ऐकायला दूर वाटतं, पण बल्लारशाहहून थेट गाड्या आहेत. याच संस्थेने ग्रामीण भागातलं आपलं पहिलं केंद्र १९९६ मध्ये काढलं ते चंद्रपूरला लागून असलेल्या तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, मुधोळला.

एवढे सगळे पर्याय समोर मांडले की निवड कशी करायची? शहरात ती खिशावरून होते. गडचिरोलीत ती वाटेवरूनही व्हायला हवी. सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर आहे, नागपूर त्याच्याही पुढे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणच्या माणसाला दर तीन आठवड्यांनी चार वेळा यायला सांगणारा उपचार कागदावर कितीही उत्तम असो, तो अर्धाच होणार. फ्रिजशिवाय न टिकणारे थेंब तिथे महिनाभर टिकणार नाहीत. याउलट एका बैठकीत बसणारं सिलिकोनचं बूच, डागून बंद केलेलं भोक, कडेला शिवलेली पापणी, हाताने मोकळ्या केलेल्या ग्रंथी आणि घरी शेकण्याची नीट शिकवलेली रीत, हे उपचार रुग्णासोबत गावात जातात. डॉक्टरने पर्याय सांगताना ‘तुम्हाला परत कधी येता येईल?’ हा प्रश्न तपासणीइतकाच गांभीर्याने विचारायला हवा.

या वाटेवरचा सगळ्यात मोठा धोका मात्र औषधाच्या दुकानात आहे. डोळा लाल झाला की दुकानदार स्टेरॉइडचा थेंब देतो, दोन दिवसांत लाली जाते, आणि माणूस तीच बाटली वर्षभर आणत राहतो. त्यातून काचबिंदू होतो. धानाचं कूस लागून बुबुळावर बुरशीची जखम असेल तर स्टेरॉइडने ती डोळाच खाऊन टाकते. डोळ्यात मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस घालणंही असंच धोक्याचं. चिठ्ठीशिवाय दिलेल्या थेंबाच्या बाटलीवर ‘डेक्सामेथासोन’, ‘बीटामेथासोन’ किंवा ‘प्रेडनिसोलोन’ असं लिहिलेलं असेल तर ती परत करावी.

देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूच्या बाबतीत त्याने मोठं काम केलं आहे. कोरडा डोळा आंधळा करत नाही, निदान बहुतेकांना नाही, म्हणून तो गणतीत येत नाही. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने कोरडेपणा वाढतो, आणि ‘ऑपरेशन झालं तरी डोळा खुपते’ ही तक्रार घेऊन म्हातारी माणसं परत येतात. शिबिरात नाव नोंदवतानाच टिपकागदाची ती पट्टी वापरली, तर त्यांतल्या पुष्कळांना आधीच सावध करता येईल.

आणखी एक सोपी गोष्ट करून पाहता येण्यासारखी आहे. दर उन्हाळ्यात ज्यांचा त्रास वाढतो अशा, पाणी कमी बनणाऱ्या आणि पापणीला सूज नसलेल्या माणसांना फेब्रुवारीच्या अखेरीस, मोहफुलांच्या हंगामाआधी, तीन-चार महिने टिकणारी विरघळणारी बुचं बसवायची. मोह, तेंदूपत्ता, नवतपा हे सगळं त्यात निघून जातं. मृगाचा पाऊस सुरू होऊन हवा ओलसर होते, तोवर ती बुचं विरघळत आलेली असतात आणि ती काढायला कुणाला पुन्हा गडचिरोलीपर्यंत यावं लागत नाही.